वलगाव रस्त्यावरचे पिंगळे

माझ्या नवऱ्याला घुबडांचं वेड आहे, हे लग्नाआधी मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी माझ्या वडिलांनी लग्न लावलंच असतं, कारण मुलगा अमरावतीला शाळेत गणित शिकवत होता आणि तंबाखू खात नव्हता. अकोल्याच्या आमच्या घरी तिन्हीसांजेला घुबडाचं नावही घेत नसत. आई 'ते मोठं पाखरू' म्हणायची आणि म्हणतानासुद्धा एकदा देव्हाऱ्याकडे बघून घ्यायची. अशा घरातून मी आले ती अशा माणसाच्या घरी, जो फाल्गुन लागला की संध्याकाळी सायकल काढून घुबडं मोजायला जायचा. तेही फुकट. शिकवण्या घेतल्या असत्या तर निदान तेलमिठाचा खर्च निघाला असता, हे मी त्यांना पहिल्याच वर्षी ऐकवलं होतं. ते हसले होते. तेव्हा त्यांना माझं सगळं ऐकू यायचं.

या मोजणीचं खूळ कॉलेजातून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्या प्रोफेसरांचं. घुबड हे शेतकऱ्याचं मांजर आहे, उंदीर खातं, आणि आपल्याकडे ती किती आहेत हे कोणालाच ठाऊक नाही, असं त्यांचं म्हणणं. फाल्गुन-चैत्रात घुबडं जोड्या करतात, घरटी धरतात, एकमेकांना हाका मारतात. म्हणून त्या दिवसांत दिवेलागणीनंतर आणि पहाटे, सगळ्यांनी मिळून ठरलेल्या शिवारात बसायचं आणि ऐकायचं. एक वकील होते, एक कंपाउंडर होता, कॉलेजातली दोनतीन मुलं होती, आणि हे.

बसायचे नियम कडक होते. कंदील नाही, बॅटरी नाही, बोलणं नाही. आणि कोणी कोणाला नावाने हाक मारायची नाही. हा शेवटचा नियम प्रोफेसरांचा नव्हता, गावकऱ्यांचा होता. घुबडाच्या कानावर माणसाचं नाव पडलं की ते घुबड रोज रात्री त्या नावाचा जप करतं आणि माणूस वाळत वाळत मरतो, असं आमच्याकडे सगळेच मानतात. प्रोफेसर मानत नव्हते. पण 'आपण त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर बसतो, तर त्यांचं ऐकायचं,' असं ते म्हणत. त्यामुळे ही सगळी शिकलीसवरली माणसं अंधारात तासन्‌तास मुकी होऊन बसत.

त्यांच्यात माझ्या नवऱ्याची बरोबरी कोणी करत नव्हतं. पिंगळ्यांची, म्हणजे त्या मुठीएवढ्या घुबडांची, कचकच सगळ्यांनाच ओळखू येते, पण ती भांडणाची की लाडाची, नर कुठल्या फांदीवर नि मादी कुठे, हे त्यांना डोळे मिटून कळायचं. प्रोफेसर त्यांना 'आमच्या मोजणीचे कान' म्हणत. माझा नवरा स्वतःची स्तुती स्वतःच्या तोंडाने सांगणारा नव्हता. पण ही एक त्यांनी घरी येऊन सांगितली, आणि मी हसले तर पुन्हा एकदा सांगितली.

मग त्यांना क्षय झाला. आधी नुसता खोकला, मग एका सकाळी मोरीत रक्त. मी लहान असताना आमच्या आळीत क्षयाची माणसं मरताना पाहिली होती, त्यामुळे मी मनात सगळं आवरून ठेवलं होतं, अगदी मुलीला घेऊन कोणाच्या दारात जायचं इथपर्यंत. पण तोवर नवी इंजेक्शनं निघाली होती. रोज एक, कित्येक महिने. बसता येईना इतकं कंबरेखाली दुखायचं. त्या इंजेक्शनांनी माणूस वाचवला. आणि वाचवता वाचवता कान नेले.

सुरुवातीला ते म्हणत, कानात रातकिडे ओरडून राहिले. मग रातकिडे राहिले आणि बाकीचं जाऊ लागलं. बारीक, उंच आवाज आधी गेले. दूध उतू जातानाची सुरसुर, माझ्या बांगड्या, सायकलची घंटी. मग मुलीचा आवाज. ती तेव्हा नुकती कविता म्हणायला शिकली होती. डॉक्टर म्हणाले, औषध आपली किंमत घेतंच बाई, जीव वाचला यात समाधान माना. मी मानलं. पण समाधान मानल्याने कोणाला ऐकू येत नाही.

किती गेलंय हे मला एका संध्याकाळी कळलं. अंगणात बाजेवर बसून ते पेपर तपासत होते. वरच्या वाशावर पिंगळ्यांची जोडी येऊन बसली आणि अशी कचाकचा भांडायला लागली की शेजारीण टाळ्या पिटत बाहेर आली. दगड मारायची तिची हिंमत नव्हती. घुबडाला मारलेला दगड ते उचलून नदीत नेतं, आणि दगड झिजतो तसा मारणारा झिजतो. तर ती टाळ्या वाजवत होती, पाखरं ओरडत होती, आणि 'मोजणीचे कान' मान खाली घालून लाल पेन्सिलीने बरोबरच्या खुणा करत होते. मी दारात उभी होते. मला त्या क्षणी त्यांची जेवढी दया आली तेवढी त्यांना रक्ताची उलटी झाली तेव्हाही आली नव्हती.

घरात आम्ही हे कधी उघड बोललो नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. शाळेला कळलं असतं तर बहिरा मास्तर कोण ठेवणार? वर्गात त्यांनी नवीनच शिस्त काढली. तोंडी उत्तर द्यायचं नाही, फळ्यावर येऊन लिहायचं. पोरं म्हणत, सर फार कडक झाले. लोकांशी बोलताना त्यांना एक सवय लागली. समोरचा काही बोलला की ते ओठांकडे बघत, आणि कळलं न कळलं तरी मान हलवत. गंभीरपणे, दोनदा. माझं बोलणं त्यांना ओठांवरून बरंच कळायचं, पण त्यालाही उजेड लागायचा. रात्री दिवा मालवला की आमचा संसार मुका व्हायचा. दिवसभरात सांगायचं राहिलेलं मी कितीदा तरी उशीत बोलले असेन.

अशा माणसाने मोजणी तेव्हाच सोडायला हवी होती, असं कोणीही म्हणेल. पण जरा विचार केला की कळतं. सगळ्या अमरावतीत ती एकच जागा होती जिथे कोणी कोणाशी बोलत नव्हतं. अंधारात मुकाट बसलेल्या पाच माणसांत बहिरा कोणता, हे कोण ओळखणार? तिथे ते पूर्वीचेच होते. परत येताना त्यांचा चेहरा इतका शांत असायचा की माझा रागच पाघळायचा.

आणि ते खोटं मोजत होते असंही नाही. ऐकू येईना तेव्हा त्यांनी दुसरी रीत काढली. शाळेच्या आधी, उजाडता उजाडता सायकलवर जायचं आणि झाडांच्या बुंध्याशी बघायचं. घुबड उंदीर गिळतं आणि त्याची हाडं नि केस यांची गोळी करून ओकून टाकतं. तशा गोळ्या, पांढऱ्या विष्ठेचे ओघळ, गळलेली पिसं यावरून ते झाड ओळखत. एकदा एक गोळी त्यांनी माझ्या परातीशेजारी ठेवून फोडून दाखवली, आत उंदराचं अख्खं डोकं होतं. मी परात फेकलीच होती अंगावर. ते म्हणाले, "ऐकून मोजलं काय आणि पाहून मोजलं काय, आकडा खरा निघाला म्हणजे झालं." दोन वर्षं आकडा खरा निघालाही.

तिसऱ्या वर्षी वलगावकडे जाणारा रस्ता रुंद करायचं निघालं. दोन्ही बाजूंचे जुने कडुनिंब जाणार होते. प्रोफेसर आपली काठी टेकत इंजिनियरकडे गेले. इंजिनियर भला माणूस होता. तो म्हणाला, सगळी तर मी वाचवू शकत नाही, पण ज्या झाडात पिल्लं असतील त्यांच्या बुंध्याला चुन्याचं कडं काढा, ती मी पिल्लं उडेपर्यंत ठेवतो. आता इतका भला माणूस भेटल्यावर चुकायला जागा उरली नव्हती. प्रोफेसरांनी रस्त्याचे तुकडे पाडले, आणि सगळ्यात दाट झाडीचा तुकडा दिला आमच्या घरी. कोणाला देणार दुसऱ्या?

त्या रात्री मी दिवा मालवू दिला नाही.

"या वेळी नाही म्हणा," मी म्हटलं. "इथे आकड्याचा प्रश्न नाही. कडं नसेल ते झाड पडणार."

"मला झाडं ओळखता येतात."

"तर मग मी येते सोबत. तुम्ही बघा, मी ऐकते. पिंगळा मलाही कळतो."

"बायको रस्त्याच्या कडेला अंधारात बसवू? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील मास्तरीण वेडी आहे. म्हणू द्या. मास्तर बहिरा आहे असं तर नाही म्हणणार?"

तो शब्द घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. त्यांनी तो माझ्या ओठांवर बरोबर वाचला. त्यांनी स्वतःच हात लांब करून दिवा मालवला. आणि माझी पुढची सगळी बडबड अंधारात वाया गेली. भांडण मिटवायची बहिऱ्या माणसाची ही युक्ती फार जालीम असते.

चैत्रात ते रोज पहाटे चुन्याचं डबडं हँडलला अडकवून जायचे. बोटांच्या पेरांत चुना सुकलेला असायचा, तसेच वर्गात जायचे. एकेक झाड ते बघत होते, मी म्हणते मनापासून बघत होते. फक्त एका झाडाशी त्यांची रीत लंगडी पडली.

त्या रस्त्यावर एका जुन्या, पोटात ढोली पडलेल्या कडुनिंबाखाली दर उन्हाळ्यात पाणपोई लागायची. पाडव्याला रांजण मांडायचे, वर ओलं गोणपाट, बाजूला लांब दांड्याचं ओगराळं. पाणी वाढायला एक म्हातारा असायचा, ओठ झाकणाऱ्या मिशांचा. पाणपोई म्हणजे पुण्याचं काम. त्यामुळे तो उजाडायच्या आत बुंध्याभोवती झाडून काढायचा, सडा घालायचा, की पाणी प्यायला येणाऱ्याला जागा कशी देवळासारखी वाटावी. माझे यजमान पोचत तेव्हा खाली ओली, स्वच्छ जमीन. गोळी नाही, पीस नाही, ओघळ नाही.

एवढी ढोली बघून त्यांनाही शंका आली असणार, कारण त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं. हे त्यांनीच मला त्या दिवशी जेवताना सांगितलं.

"मग काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"विशेष काही नाही."

"म्हणजे नाही म्हणाला? की आहे म्हणाला?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "काही असतं तर हात करून वर दाखवलं नसतं का त्याने?"

"तुम्हाला ऐकू आलं का, तेवढं सांगा."

ते ताटावरून उठले. अर्ध्या ताटावरून उठणारा माणूस नव्हता तो, अन्न टाकणं त्यांना पाप वाटायचं. मी उरलेली भाकरी झाकून ठेवली. त्या झाडाला कडं काढलं गेलं नाही.

चैत्र संपता संपता वलगावला नणंदेकडे बारसं होतं. मुलगी सुट्टीची आत्याकडेच राहिली आणि आम्ही दोघं दुपारच्या बसने परत निघालो. अर्ध्या वाटेत बस थांबली. पुढे रस्त्यावर झाड आडवं पडलं होतं आणि मजूर फांद्या तोडून बाजूला ओढत होते. उकाड्याने सगळे खाली उतरले. मी उतरले तेव्हा आधी मला रांजण दिसले, उन्हात कडेला सरकवून ठेवलेले. मग झाड ओळखलं.

ढोलीच्या जागी खोड उभं चिरलं होतं. लोक तिथून चार हात दूर अर्धवर्तुळ करून उभे होते, आणि एक बाई पदर तोंडाला लावून पोराला मागे ओढत होती. आत पिंगळ्याची पिल्लं होती. एक चेपून मेलं होतं. दुसरं बाहेर फुफाट्यात पडलं होतं, अंगावर धड पिसंही नव्हती. समोरच्या बाभळीवर पिंगळ्याची जोडी भर उन्हात आली होती आणि कावळे त्यांना टोचे मारून हाकलत होते. तो सगळा आवाज मला अजून येतो.

पाणपोईचा म्हातारा यांना बघून पुढे आला. रागाने नव्हे, अगदी काकुळतीने बोलला. "मास्तर, म्या तुमाले सांगतलं होतं ना? वरतं जोडपं हाय, पिल्लं हायेत म्हनून? हयूच सांगतलं, कानापाशी येऊन. लोकायनं आयकलं असतं त घुबडाच्या झाडाखाली पानी कोन पेलं असतं? तुमी मान हालवली ना, दोन डाव? म्या म्हटलं, मास्तर आता चुना लावतेत. मंग कावून नाई लावला?"

यांनी त्याच्याकडे बघितलं. मिशांखाली ओठ दिसत नव्हते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि बसमधली सगळी माणसं उभी असताना, त्यांच्या वर्गातल्या मुलांचे बापही होते त्यांत, मोठ्याने विचारलं, "काय म्हणतात ते?"

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं. काही गाळलं नाही. गाळावंसं फार वाटत होतं, पण त्यांनी माझ्या ओठांवरची नजर हलवली नाही. माझं सांगून झाल्यावर त्यांनी मान हलवली नाही. ते खाली बसले, ते पिल्लू त्यांनी धोतराच्या सोग्यात घेतलं, मग तळहातावर. पिल्लाची चोच उघडत होती, मिटत होती.

"ओरडतंय का हे?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी ते उचलून कानाला लावलं, आपण बंद पडलेलं घड्याळ लावतो तसं. मग दुसऱ्या कानाला लावलं. मागे कोणीतरी हसलं. मला वळून त्या माणसाच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि मी मारली नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. म्हाताऱ्याला म्हणाले. "बाबा, मला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली."

म्हातारा "अरे देवा," एवढंच म्हणाला आणि आपल्या रांजणांकडे गेला.

ही बातमी आमच्या आधी अमरावतीला पोचली, कारण बस गेली आणि आम्ही गेलो नाही. शाळेने पुढे त्यांना जूनपासून वर्ग दिला नाही, कोठारात पुस्तकं लावायला बसवलं आणि पगार अर्धा केला. तेही उपकार म्हणून. प्रोफेसर घरी येऊन बसले आणि चहा न पिता गेले. मोजणी त्यानंतर एकच वर्ष चालली म्हणे. आम्हाला कोणी बोलावलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी रस्ता मोकळा झाला, कंडक्टरने दोनदा घंटी मारली, मी खूण केली की जा तुम्ही. आम्ही मैलाच्या दगडाशी बसून राहिलो. म्हाताऱ्याने ओगराळ्याने ओंजळीत पाणी घातलं, ते यांनी बोटाने पिल्लाच्या चोचीत सोडायचा प्रयत्न केला. ऊन कलायच्या आत ते गेलं. यांनी त्याला तिथेच ढेकळं सारून पुरलं. मी काही समजूत घातली नाही. मला त्यांचा राग येत होता, भयंकर राग, आणि त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाजवळ बसायची इच्छाही नव्हती.

मजूर कुऱ्हाडी खांद्यावर टाकून निघून गेले. कावळे गेले. दिवस बुडाला, पण आभाळ अजून पांढरं होतं, एकमेकांचं तोंड दिसत होतं. ते माझ्या तोंडाकडेच बघत होते. तेवढ्यात बाभळीवरून आवाज सुरू झाला. आधी एक, मग दुसरा. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं.

"आले का?" त्यांनी विचारलं.

"आले."

"दोघं?"

"दोघं."

"काय करून राहिले?"

"हाका मारताहेत."

त्यांनी बाभळीकडे बघितलं, मग रस्त्यापलीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "कुठून येतोय आवाज?"

आवाज आता बाभळीवरून येत नव्हता. दोन्ही पाखरं रस्त्यावर आली होती आणि मोकळ्या हवेत, माणसाच्या डोक्याच्या दोन पुरुष वर, एकाच ठिकाणी पंख मारत फिरत होती. बसायला तिथे काही नव्हतं.

"झाड होतं तिथून," मी म्हटलं.